धडधड घेऊन चंदीगडला

चंदीगडला जाऊन आले म्हटलं की लोक आधी रॉक गार्डनबद्दल विचारतात. मी ते पाहिलं नाही. सुखना तलावावर एकदा गेले होते, पण धुक्यात पाणी काही दिसलं नाही; कठड्याला हात लावून परत आले. गुलाबांची एवढी मोठी बाग, तिथे मी पोचले तेव्हा सगळी झाडं छाटून ठेवलेली. म्हणजे प्रेक्षणीय स्थळांच्या हिशेबाने माझा हा प्रवास फुकटच गेला म्हणायचा. तरी तो लिहिते आहे, कारण माझ्यासारखी भित्री माणसं घरोघरी आहेत आणि त्यांतली बरीचशी या भीतीपायी कुठे जातच नाहीत.

मी कराडची. कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. वय चोपन्न. माझी भीती साप-विंचवाची नाही, अंधाराचीही नाही. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, श्रीकांतचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन का लागत नाही, डॉक्टरांनी रिपोर्ट बघताना भुवई का उचलली, या असल्या गोष्टींनी माझ्या पोटात गोळा येतो. रांगेत उभी राहिले की हातपाय गार पडतात. बस घाटात शिरली की मी मनातल्या मनात तिचा अपघात करून, सगळ्यांना कळवून, पुढची व्यवस्थाही लावून मोकळी होते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण कुणीतरी मला बघूनच केली असावी. घरात याला ‘ताईचा स्वभाव’ म्हणतात. एकटीने प्रवास मी कधी केला नव्हता आणि न करण्याची कारणं माझ्याकडे कायम तयार असत.

डिसेंबरच्या शेवटी धाकट्या भावाचा, मिलिंदचा, फोन आला. तो हवाई दलात इंजिनिअर आहे, सध्या चंदीगडला.

"ताई, मानसीच्या पित्ताशयात खडे निघालेत. ऑपरेशन करायचं ठरलंय. तिच्या आईला गुडघ्यामुळे येता येत नाही, आणि मला मध्येच ड्यूटीवर बाहेर जावं लागेल. इराला एकटं कसं ठेवायचं? तू येशील?"

"येते," मी म्हणाले. भीती जागी व्हायच्या आत तोंडातून शब्द निघून गेला होता. ती जागी झाली फोन ठेवल्यावर. श्रीकांतला कारखान्यातून रजा मिळत नव्हती. निघेपर्यंत माझी झोप उडालेली होती.

पुण्याहून वर

विमानाबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही, कारण मी डोळे मिटून बसले होते. एकदाच उघडले, तेव्हा वैमानिक सांगत होता की खाली धुकं आहे, थोडा वेळ वरच घिरट्या घालाव्या लागतील. शेजारचे गृहस्थ निवांत सँडविच खात होते. मला त्यांचा इतका राग आला की त्या रागात चार घटका भीती विसरले.

खाली उतरून बाहेर आले तर श्वासाची वाफ होत होती. मिलिंदने माझ्या अंगावरच्या शालीकडे बघितलं आणि स्वतःचं जॅकेट काढून मला घातलं.

त्याला सरकारी क्वार्टर अजून मिळालेलं नाही, म्हणून तो मोहालीत एअरोसिटीला भाड्याने राहतो. विमानतळाला लागूनच ही वस्ती. रुंद रस्ते, एकसारखी तीन मजली घरं, मधेमधे मोकळे प्लॉट. घरांच्या खाली दुकानं नाहीत, दारात कुणी बसलेलं नाही. आमच्याकडे सकाळ होते ती भाजीवाल्याच्या आरोळीने, देवळातल्या घंटेने आणि शेजारच्या कुकरने. इथे सकाळ झाली आहे हे घड्याळात बघून कळायचं. खिडकीबाहेर पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून कुठूनतरी विमानाचा आवाज. अशा शांततेत माझ्यासारखीला स्वतःचीच धडधड ऐकू येते.

पत्तेही नुसते आकड्यांचे. सेक्टर, फेज, घर नंबर, संपलं. पिंपळापाशी डावीकडे, असं काही नाही. मूळ चंदीगडात म्हणे पूर्वी तेरा नंबरचा सेक्टरच नव्हता, आकडा अशुभ म्हणून. अलीकडे कुठे एका भागाला तो दिला. मला हे ऐकून फार बरं वाटलं. एवढं मोजूनमापून शहर आखणारेसुद्धा एका आकड्याला घाबरले होते.

घराची मालकीण खाली राहते. गुरदीप कौर, सगळे तिला आंटीजी म्हणतात. सत्तरीला टेकलेली, उंच, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. नवरा गेला, दोन्ही मुलं कॅनडात. पहिल्याच सकाळी तिने मेथीचे पराठे पाठवले, वर लोण्याचा गोळा. मी दोन खाऊन ताट परत द्यायला गेले.

"बस, दो?" ती म्हणाली. "दो को तो हमारे यहाँ खाना नहीं, चखना कहते हैं."

इरा, माझी भाची, आठवीत आहे. तिला मराठी सगळं कळतं. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आणि आमचं व्यवस्थित चालतं. गोड आहे, पण गप्प. नखं कुरतडते. मी दोनदा टोकलं, मग सोडून दिलं.

त्या घरात मला एक नवी काळजी सापडली, ती म्हणजे खोलीतला हीटर. झोपताना तो बंद करायचा असतो. मी बंद केला, रजईत शिरले, उठले, पुन्हा बघितला. मग पुन्हा उठले. या वेळी दारात मिलिंद उभा होता.

"बंदच आहे, ताई."

"माहीत आहे."

"मग?"

तो पलंगाच्या कडेला बसला. म्हणाला, "पहिल्या पोस्टिंगला मी असंच करायचो. विमान तपासलं, उडायला योग्य आहे म्हणून सही केली, की खोलीवर जाऊन मला वाटायचं, तो एक बोल्ट आपण नीट पाहिला का? परत हँगरमध्ये जायचो. परत आलो की परत वाटायचं. आमच्या साहेबांनी एकदा पकडलं. म्हणाले, दुसऱ्यांदा बघून विमान जास्त घट्ट होतं का? नाही ना? फक्त तुला घटकाभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याची चटक लागते. एकदा बघ, अगदी मन लावून बघ, आणि मग पाठ फिरवून चालायला लाग."

"आणि मग वाटत नाही?"

"वाटतं की. पण वाटलं तरी जायचं नाही."

तो गेल्यावर मी छताकडे बघत पडून राहिले. हीटर बंद होता हे मला ठाऊक होतं. तरी उठावंसं वाटणं थांबेना. कधीतरी झोप लागली.

हॉस्पिटल

ऑपरेशनच्या दिवशी मानसीला आत नेलं आणि मिलिंद कागदपत्रांसाठी खाली गेला. मी बाहेरच्या खुर्चीवर बसले. समोर काचेचं दार, त्यावर लाल दिवा. हॉल माणसांनी भरलेला. कुणी थर्मासमधून चहा ओतत होतं, एक सरदारजी मोठमोठ्याने फोनवर ट्रॅक्टरच्या टायरबद्दल बोलत होते. काहीही भीतिदायक घडत नव्हतं.

आणि मला वाटलं, आपल्याला श्वास येत नाही.

आधी छातीत धस्स झालं. मग धडधड इतकी वाढली की कानात ऐकू यायला लागली. बोटांना मुंग्या, घशाला कोरड, डोळ्यांपुढे हॉल लांब लांब जायला लागला. मला खात्रीच पटली, हा हार्ट अटॅक आहे. मी इथे, कराडपासून इतक्या लांब, परक्या माणसांत मरणार, आणि मानसी शुद्धीवर येईल तेव्हा तिला सांगायचं कुणी? मी उठायला गेले आणि खाली बसले, म्हणजे कोसळलेच. ट्रॅक्टरवाल्या सरदारजींनी फोन टाकून मला धरलं. "बहनजी! ओए, कोई आओ इधर!"

पुढचं नीट आठवत नाही. चाकाची खुर्ची, गार जेल, छातीला चिकटवलेल्या तारा. मिलिंदचा पांढरा पडलेला चेहरा. त्याची बायको वरच्या मजल्यावर टेबलावर आणि बहीण खाली खाटेवर.

थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर बाई आली. कागदाची पट्टी तिने मला दाखवली, जणू मला ती वाचता येणार होती.

"दिल बिल्कुल ठीक है आपका," ती म्हणाली. "पहले भी हुआ है ऐसा?"

हुआ था. इतकं मोठं नाही, पण हुआ था. बँकेच्या रांगेत, लग्नाच्या गर्दीत, एकदा नाट्यगृहात पहिल्या अंकात. दर वेळी मी तिथून पळाले होते आणि पुन्हा त्या जागी जायचं टाळलं होतं. हे सगळं मी तिला मोडक्या हिंदीत सांगितलं. श्रीकांतलाही इतकं सांगितलेलं नव्हतं.

"ये घबराहट का दौरा है," ती म्हणाली. "झूठ नहीं है, नाटक नहीं है. शरीर को लगता है शेर सामने है, तो वो आपको भगाने की तैयारी करता है. शेर है नहीं. आप सच में भागती हैं, तो शरीर समझता है कि शेर था. अगली बार और जल्दी डराएगा."

"तो क्या करूँ?"

"वहीं रहिए. चढ़ेगा, फिर उतरेगा. हमेशा उतरता है. साँस धीरे-धीरे बाहर छोड़िए, और रुकिए. और घर जाकर किसी अच्छे डॉक्टर से मिलिए, इसका इलाज होता है. उम्र भर झेलने की चीज नहीं है."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी शरमेने मेले होते. मदतीला म्हणून आले आणि पेशंट होऊन बसले. संध्याकाळी मानसी शुद्धीवर आली, तिला हे सगळं कळलेलं होतं. सुकलेल्या ओठांनी ती हसली. "ताई, एवढी साथ द्यायची काही गरज नव्हती हो."

सेक्टर बावीस

मानसी घरी आली. पोटावर चार छोट्या पट्ट्या, चालणं कमरेत वाकून. तिला पुढून उघडणारे सैल गाऊन हवे होते. मिलिंद ऑफिसात होता. आंटीजी म्हणाली, सेक्टर बावीसला जा, सगळं मिळतं.

मी कॅब मागवली. एकटी. हे वाक्य लिहायला सोपं आहे.

चंदीगडचे रस्ते बघण्यासारखे आहेत हे मला मान्य. दोन्ही बाजूंना मोठाली झाडं, पायी चालणाऱ्यांना वेगळी वाट, आणि ठराविक अंतरावर गोल चौक. पण प्रत्येक चौक मागच्या चौकासारखाच. आपण पुढे जातोय की तिथेच फिरतोय हे कळेना, आणि मी दाराच्या मुठीला धरून बसलेली.

सेक्टर बावीसला आल्यावर मात्र मला शहर सापडलं. अरुंद बोळ, दाटीवाटीने दुकानं, वर भाड्याच्या खोल्या, ताकाच्या पेल्याएवढ्या मोठ्या ग्लासातून चहा, गाड्यावर गरम गुलाबजाम, लोकरीचे ढीग. आवाज, वास, धक्के. मंडईत आल्यासारखं वाटलं. पहिल्या दुकानात मी शिरले, मागून पाचसहा बायका आल्या, दार बंद झाल्यासारखं वाटलं आणि मी गाऊन तिथेच टाकून बाहेर पळाले. दुकानदार मागून ओरडला, "मॅडमजी, रेट कम कर देंगे!"

फुटपाथवर उभी राहून मी डॉक्टर बाईंचं बोलणं आठवलं. पळाले होते तर मी. वाघ होता असंच शरीराला वाटलं असणार.

दुसऱ्या दुकानात गेले. तिथेही गर्दी. तिथेही आलंच ते, पायांपासून वर. मी कपड्यांच्या घोडीला धरून उभी राहिले. श्वास बाहेर सोडत राहिले. एक बाई मला पंजाबीत काहीतरी विचारत होती, मी नुसती मान हलवत होते. धडधड चढली, चढली, आता पडणार असं वाटेपर्यंत चढली, आणि मग तिथेच थांबली. पुढे कधी ओसरली ते कळलंच नाही, कारण तोवर माझ्या हातात एक निळा गाऊन होता आणि मी त्याची शिवण ताणून बघत होते.

मला वाटलं, जमलं. सुटले यातून. घरी जाऊन मी श्रीकांतला फोनवर तसं सांगितलंसुद्धा. त्या रात्री हीटर बघायला पुन्हा उठले.

लोहडी

आपल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी यांची लोहडी. संध्याकाळी आंटीजीने घरासमोर लाकडं रचली. शेजारपाजारचे दहापंधरा जण जमले. आगीत तीळ, शेंगदाणे, मक्याच्या लाह्या टाकायच्या आणि उरलेलं आपण खायचं. मी कराडहून तिळाच्या वड्या नेल्या होत्या. "तिळगूळ घ्या, गोड बोला," मी म्हणाले, आणि मिलिंदने त्याचा अर्थ सांगितला. आंटीजी वडी चावत म्हणाली, "हम तो मीठा खाकर भी ऊँचा ही बोलते हैं."

इराची ओढणी आगीच्या दिशेने उडत होती आणि माझं सगळं लक्ष तिकडे. मी तिला दोनदा मागे ओढलं. नंतर पाहिलं तर ती सगळ्यांपासून लांब, फाटकाला टेकून उभी होती. मला वाटलं, मी रागावले म्हणून असेल.

दुसऱ्या सकाळी मिलिंद ड्यूटीवर गेला. मानसी बरी दिसत होती. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं. "जमेल ना, ताई?"

"हो," मी म्हणाले. पोटातून नव्हे, नुसत्या तोंडातून.

धुकं

त्यानंतरच्या एका सकाळी मी खिडकीचा पडदा सारला तर समोरचं घर नव्हतं. रस्ता नव्हता. आमच्या फाटकावरचा दिवा एक पिवळा ठिपका होऊन लोंबकळत होता. विमानांचा आवाजही बंद पडलेला. असलं धुकं मी जन्मात पाहिलं नव्हतं. महाबळेश्वरचं धुकं चालतं, सरकतं. हे येऊन बसलं होतं.

मानसीच्या खोलीत गेले. ती रजईखाली कुडकुडत होती. दात वाजत होते. अंगाला हात लावला, चटका बसला.

"रात्रीपासून दुखतंय, ताई. तुम्ही घाबराल म्हणून उठवलं नाही."

हे वाक्य माझ्या मनाला फार लागलं. दिवा लावून तिचा चेहरा पाहिला. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा.

हॉस्पिटलला फोन केला. ताबडतोब घेऊन या, म्हणाले. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर हायवेवर गाड्या एकमेकींवर आदळल्यात, वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही. कॅबवाले होकार देत आणि मग रद्द करत. मिलिंदचा फोन लागला, पण तो जिथे होता तिथून विमान उडणार नव्हतं.

इरा दारात उभी होती. थंडीमुळे शाळा बंद होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला ते यायला लागलं होतं. मुंग्या, कोरड, कानातली धडधड. मी भिंतीला हात टेकला. तिथून पळायला जागाच नव्हती. म्हणजे जिना होता, दार होतं, पण जायचं कुठे?

मी खाली जाऊन आंटीजीचं दार वाजवलं.

तिने ऐकून घेतलं, डोक्याला शाल गुंडाळली आणि गाडीची चावी घेतली. तिची छोटी जुनी गाडी. मानसीला मागे आडवं केलं, डोकं इराच्या मांडीवर. मी पुढे, डाव्या बाजूला. फाटकाबाहेर आलो आणि आंटीजीने ब्रेक दाबला.

"सुन," ती म्हणाली. "मेरी नजर अब पहले जैसी नहीं रही. मुझे सामने थोड़ा दिख रहा है, बायीं तरफ कुछ भी नहीं. तू शीशा नीचे कर, सिर बाहर निकाल, और सड़क का किनारा देख. बोलती रह. चुप मत होना."

"मुझे बहुत डर लग रहा है, आंटीजी."

"तो मुझे कौन सा मजा आ रहा है? हाथ देख मेरे." स्टिअरिंगवरचे तिचे हात खरंच थरथरत होते. "डरते-डरते बोल. पर बोल."

काच खाली केली, डोकं बाहेर काढलं. गार ओलावा चेहऱ्यावर सुयांसारखा. खाली रस्त्याच्या कडेची पिवळी-काळी पट्टी, तीही हातभर अंतरापुरतीच. मी बोलायला लागले. "ठीक है. ठीक है. थोड़ा दाएँ. ठीक है." धडधड चालू होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, थंडीचं की कसलं ते बघायला वेळ नव्हता. मागून मानसी कण्हत होती आणि इरा तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती.

चौक आला. रस्ता दाखवणारी फोनमधली बाई शांतपणे सांगत होती की दुसऱ्या रस्त्याला वळा, पण रस्ते दिसतील तर ना! कडेची पट्टी तुटली की तिथे रस्ता, असं धरून मी मोजत होते. "एक गया! आंटीजी, अब आएगा, अब, अब, मोड़ो!" वळलो. बरोबर होतं की चूक ते फोनमधली बाई काही क्षण सांगेना. मग तिने सरळ जायला सांगितलं, आणि आंटीजीने "वाहेगुरू" म्हणून श्वास सोडला.

मोठ्या रस्त्याला लागलो. मागून कुणीतरी येऊन आपटेल, ही भीती पाठीवर बसलेली. मला सगळं दिसत होतं, नेहमीसारखं. चेंगरलेली गाडी, मिलिंदला जाणारा फोन. तेही दिसत होतं आणि खालची पट्टीही दिसत होती. मी पट्टीबद्दल बोलत राहिले.

आणि पट्टीवर एक चाक दिसलं.

"थांबा! थांबा! थांबा!" मी मराठीतच किंचाळले. आंटीजीला मराठी येत नाही, पण तिने ब्रेक असा दाबला की मी दारावर आपटले. समोर, बॉनेटपासून हातभरावर, एक ट्रक उभा होता. दिवे नाहीत, माणूस नाही. मागच्या फळीवर रंगवलेला मोर तेवढा आमच्याकडे बघत होता.

मागून इराचा बारीक आवाज आला, "आत्या, आप ठीक हो?"

"नाही," मी म्हणाले. "पण चला. आंटीजी, पीछे लो थोड़ा. अब दाएँ. और दाएँ. ठीक है."

हॉस्पिटलचा दिवा दिसला तेव्हा माझा घसा बसला होता.

मानसीच्या पित्तनळीत एक खडा अडकून राहिला होता. असं क्वचित होतं, डॉक्टर म्हणाले, आणि संसर्ग रक्तात पसरायच्या आत आलात ते बरं झालं. त्याच दिवशी दुर्बिणीने तो काढला. ती आत असताना मी त्याच हॉलमध्ये बसले होते, तशाच खुर्चीवर. आलंच ते. मी इराचा हात धरला, बसून राहिले, ते चढलं आणि उतरलं. नंतर कँटीनमध्ये आंटीजीने चहाचा कप पुढे केला, तेव्हा मात्र माझे हात इतके कापायला लागले की निम्मा चहा बशीत. आंटीजीने बशीतला चहा माझ्या तोंडाशी धरला. "पी ले, पुत्तर. अब रोना है तो रो ले." मी पोटभर रडले. तीही रडली. मग तिने समोसे मागवले.

मिलिंद दुसऱ्या दिवशी रेल्वेने, उभ्याने प्रवास करून पोचला.

परतीचा दिवस

मानसी हिंडूफिरू लागल्यावर मी निघाले. आंटीजीने गूळ-तुपाच्या पिन्न्यांचा, म्हणजे त्यांच्याकडच्या लाडवांचा, डबा दिला, इतका जड की बॅगेचं वजन वाढलं. कराडला आल्यावर मी डॉक्टरांकडे जायला लागले आहे, आठवड्यातून एकदा बोलायला जाते. गॅस अजून कधीकधी दुसऱ्यांदा बघते. भीती गेलेली नाही, हे सांगितलेलं बरं.

विमानतळावर सोडायला मिलिंद आणि इरा आले होते. मिलिंद गाडी लावायला गेला. इरा माझी बॅग धरून उभी होती, नखं कुरतडत.

"आत्या," ती खाली बघत म्हणाली, "वो जो आपको होता है ना, मुझे भी होता है. क्लास में. सबके सामने बोलना हो तो. लोहडी पे भी हुआ, इतने लोग थे. मम्मी को नहीं बताया. वो बीमार थी."

घाबरू नकोस, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मला आयुष्यभर सगळ्यांनी तेच सांगितलं होतं आणि त्याचा कधी काडीचा उपयोग झाला नव्हता. मी बॅग खाली ठेवली.

"कुठे होतं तुला?"

तिने पोटावर हात ठेवला. "यहाँ. और हाथ ठंडे हो जाते हैं."

"आईला आणि बाबाला आपण आज सांगू. मी फोनवर असेन तुझ्यासोबत. सांगायचं?"

तिने होकाराची मान हलवली. मग मी तिचा हात घेतला, खरंच गार होता, आणि स्वेटरवरून माझ्या छातीवर ठेवला. तिचे डोळे मोठे झाले.

"आत्या! ये तो बहुत तेज चल रहा है!"

"हो," मी म्हणाले. "आणि आता मी आत जाऊन विमानात बसणार आहे."